हशाची जागा

आयुष्यात तू सर्वांत जास्त कोणाचा ऋणी आहेस, असं कुणी विचारलं तर मी मधुकर नेवासकर हे नाव घेतो. आई-वडिलांचं घेत नाही याचं लोकांना नवल वाटतं. पण आई-वडिलांचे उपकार श्वासासारखे असतात, त्यांची वेगळी नोंद ठेवायची नसते. वडील पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई शिवणकाम करायची. त्यांनी मला आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं आणि विमानात बसवून दिलं. तिथून पुढे परक्या देशात चार माणसांसमोर पाय रोवून कसं उभं राहायचं, हे मला मधूकाकांनी शिकवलं. त्यांना ते येत होतं, कारण लहानपणी ते बबी होते.

बबी ही एक मुलगी. ती कोण हे सांगायच्या आधी, मी काकांच्या घरी कसा पोचलो ते सांगतो.

सिंगापूरला नोकरी लागली तेव्हा मी तोआ पायोहला एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली. फ्लॅट शुभदाताईंचा. त्या बँकेत होत्या, त्यांचे यजमान सतत फिरतीवर, आणि घरात त्यांची दहा वर्षांची मुलगी इरा आणि कोल्हापूरहून येऊन राहिलेले त्यांचे वडील. मी दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा दार काकांनी उघडलं. ऐंशी ओलांडलेला, चणीने बारीक माणूस. पांढरे केस मानेवर रुळत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"पाय आत यायलेत की परत जायलेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आत."

"मग तसं पायांना सांग की. एक पाऊल लिफ्टकडं वळलंय तुझं."

गाव कुठलं विचारलं, मी पाचोरा म्हणालो. त्या क्षणापासून माझं नाव पाचोरा. माझ्याआधी त्या खोलीत राहून गेलेला मुलगा त्यांच्या बोलण्यात अजून 'आमचा नांदेड' होता. लग्न होऊन तो सिंगापुरातच बेडोकला गेला, तरी एका दिवाळीला त्याचा फोन आला तेव्हा काकांनी आत हाक मारून सांगितलं, "शुभे, नांदेडला मुलगी झाली."

काका चालताना आवाज होत नसे. पायरी आली की ते आधी तिच्याकडे नीट बघत, आणि मगच पाऊल टाकत. मला वाटायचं, वय झालं म्हणून जपतात. एकदा खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, त्यांनी मला गैरसमजातून बाहेर काढलं. कॉफीचे दोन पेले ट्रेमध्ये घेऊन ते टेबलाकडे येत होते. वाटेत एक खुर्ची होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नजर काढून घेतली, आणि तिलाच अडखळले. अंग एका बाजूला कललं, ट्रे दुसऱ्या बाजूला, एक पाय हवेत. मी ओरडलो. पण पुढच्याच क्षणी ते सरळ उभे होते आणि पेल्यातला एक थेंबही सांडलेला नव्हता. आजूबाजूचे म्हातारे टेबल बडवून हसले. कॉफीवाली चिनी मावशी मात्र इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत गल्ल्यामागून कडाडली, "अंकल आह! यू फॉल डाऊन, आय गेट हार्ट अटॅक लाह!"

"आजोबा, डोन्ट लाह! सो एम्बरॅसिंग!" इराने तोंड लपवलं.

काका शांतपणे बसले. "बघितलंस? आधी खुर्चीकडं बघायचं. मी खुर्ची बघितली हे लोकांनी बघायला पाहिजे. नाहीतर पडलेला माणूस बघून लोकांना वाईट वाटतं. आधी बघून मग पडला की हसू येतं."

त्या दिवशी कॉफी पिता पिता बबीची गोष्ट पहिल्यांदा निघाली.

काकांच्या लहानपणी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी छोट्या विनोदी फिल्म दाखवत. कोल्हापुरातला एक लहानसा स्टुडिओ तीन पोरांना घेऊन अशा फिल्म काढायचा. लाडू नावाचा जाडा मुलगा, काडी नावाचा लुकडा, आणि त्या दोघांना पुरून उरणारी बबी. बोलणं जवळजवळ नसायचंच. पळणं, धडपडणं, पिठाच्या डब्यात डोकं अडकणं, आणि मागून जोडलेली पेटी आणि तबला. या कामाला कुणी आपली मुलगी देईना. काकांचे केस नवसाचे, मुंजीपर्यंत कात्री लावायची नाही असे. खांद्यावर रुळायचे. स्टुडिओच्या मास्तरांनी त्यांना रस्त्यात खेळताना पाहिलं आणि परकर-पोलकं घालून बबी केलं. दिग्दर्शक हा शब्द तिथे कुणी वापरत नसे, ते मास्तरच.

मास्तरांनी पोरांना एकच शास्त्र शिकवलं. पडलं की लगेच उठायचं नाही. थिएटरात तेव्हा लोक हसत असतात. त्या हशाला जागा ठेवायची, नाहीतर पुढची गंमत हशात बुडून जाते. पण कॅमेऱ्यासमोर हसणारं कुणी नसतं, मग जागा किती ठेवायची? मास्तर सांगायचे, पडल्यावर मनात म्हणायचं, 'पोटभर जेवलो, हात धुतले.' हात धुऊन झाले की उठायचं.

"मग थिएटरात बसून बघितलं असेल ना, किती हसतात ते?" मी विचारलं.

काकांनी पेला खाली ठेवला. "मला थिएटरात न्यायचेच नाहीत. बबी पोरगा आहे हे लोकांना कळलं तर गंमत गेली, म्हणायचे मास्तर. लाडू आणि काडी जायचे. मिरवून यायचे. मी घरी. थिएटर आमच्या गल्लीच्या टोकाला होतं, पण वाऱ्यावर नुसती पेटी ऐकू यायची. हशा नाही यायचा." ते मनात हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "एवढी जागा ठेवली रे मी लोकांसाठी. ती भरली का नाही, मला ठाऊक नाही."

माझ्या नोकरीचं तेव्हा बरं चाललेलं नव्हतं. कामात मी कमी नव्हतो. पण दर आठवड्याला ग्राहक कंपनीच्या लोकांपुढे उभं राहून केलेलं काम दाखवावं लागे, आणि तिथे माझी गाडी सुटायची. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या इंग्रजीला कुणी मध्ये अडवू नये म्हणून मी इतक्या वेगाने बोलायचो की समोरच्याला तोंड उघडायला फट मिळू नये. मॅनेजर सौम्य माणूस होता. त्याने सौम्यपणेच सांगितलं की ग्राहकांसमोर जमत नसेल, तर पुढच्या वर्षी पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, नव्याने करून घेण्यात अर्थ नाही. पास गेला की पाचोरा.

मी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभा राहून सराव करत होतो. काका दारात येऊन उभे होते हे मला कळलंच नाही.

"फ्रिज काय विचारायलाय बघ," ते म्हणाले.

"काही नाही, काका."

"कसा विचारेल? तू त्याला जागाच दिली नाहीस. तू पडायच्या भीतीनं पडायच्या आधीच उठून पळायलास." त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "एक वाक्य बोल. मग पोटभर जेव. हात धू. मग दुसरं."

"लोक हसले तर?"

"हसू दे की! हसले म्हणजे ऐकायलेत."

शुभदाताई भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "बाबा, त्याला भाडेकरू म्हणून ठेवलंय, नाटक कंपनीत नाही."

पण मी तसं केलं. पुढच्या बैठकीत पहिलं वाक्य बोललो आणि थांबलो. मनात सावकाश हात धुतले. त्या शांततेत टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी एक प्रश्न विचारला. साधाच होता. मी उत्तर दिलं, पुन्हा थांबलो. एका ठिकाणी मी काम दाखवत होतो तो भिंतीवरचा पडदाच बंद पडला आणि सगळे हसले. मी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि हशा संपेपर्यंत उभा राहिलो. खोलीतली हवाच बदलली. त्या वर्षी माझा पास वाढला. त्यानंतरचे सगळे पास मी त्या एका वाक्यावर कमावले आहेत, असं मला मनापासून वाटतं.

काकांचे कान मात्र जायला लागले होते. कानातलं यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून ते बहुतेक वेळ खिशात असे. डॉक्टरांनी शुभदाताईंना सांगितलं की उरलंसुरलं ऐकू येणंही फार दिवस टिकणार नाही. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी आम्ही दोघं फ्लॅटबाहेरच्या लांब गॅलरीत उभे होतो. समोरच्या ब्लॉकमध्ये एकेक खिडकी उजळत होती. काका म्हणाले, "पाचोरा, बाकी कशाचं नाही. एकदा तेवढा हशा ऐकायचा होता."

आणि मग त्यांनी शेवटच्या फिल्मची गोष्ट सांगितली.

फिल्म अर्धी झाली होती आणि काकांच्या आजोबांनी मुंजीचा मुहूर्त काढला. मास्तर घरी येऊन विनवून गेले. आजोबा म्हणाले, "तुमची बबी तुमच्याकडं, आमचा मधू आमच्याकडं." मुंज झाली. चकोट केलेलं डोकं आणि मागे शेंडी, अशा रूपात काका स्टुडिओत गेले. मास्तर बघत राहिले. मग म्हणाले, "बबीला गालगुंड झालेत." डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलं, आणि उरलेली फिल्म तशीच सुरू केली. पण शेवटच्या दिवशी धावताना फडकं सुटलं. कॅमेरा चालू होता. काका जागच्या जागी थिजले. परकर-पोलक्यातली बबी, तुळतुळीत डोकं, ताठ उभी शेंडी.

"मास्तर काय म्हणाले?"

"काहीच नाही. काम संपलं, मी घरी आलो. परत कधी बोलावणं आलं नाही. केस वाढल्यावरसुद्धा नाही." काकांनी मानेवरच्या केसांवरून हात फिरवला. "मला वाटतं मी फिल्म बिघडवली. तो तुकडा त्यांनी कापून टाकला असणार. पुढं स्टुडिओ बंद झाला, मास्तर गेले. विचारायला कोण उरलं?"

त्या रविवारी वडिलांना फोन केला तेव्हा मी सहज विचारलं, बबी नावाच्या मुलीच्या जुन्या फिल्म कधी पाहिल्या होत्या का. पलीकडे वडील एकदम मोठ्याने म्हणाले, "बबी? अरे, ती गालगुंडवाली!" जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. लोक जमेपर्यंत मालक वर्षानुवर्षं त्याच जुन्यापुराण्या फिल्म लावायचा. मालक गेला, पण त्याच्या मुलाने डबे टाकले नव्हते. माळ्यावर होते. वडील स्वतः जाऊन माळ्यावर चढले, म्हणजे आईचा फोनवर किती आरडाओरडा झाला असेल ते वेगळं सांगायला नको. बरेचसे डबे आंबून गेले होते. एक जगला होता. पुण्यात जुन्या फिल्म साफ करून त्यांची फाइल करून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तो गेला आणि काही महिन्यांनी फाइल माझ्याकडे आली.

"तू बघ चालते का. पण मला काही सांगू नकोस," काकांनी बजावलं. मी बघितली. सांगितलं नाही.

ब्लॉकखाली खांबांमधली मोकळी जागा असते, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे लग्नंही होतात आणि अंत्यविधीही. शुभदाताईंनी तिथे एका संध्याकाळची परवानगी काढली. दोन खांबांमध्ये पलंगपोस ताणला. आमची मराठी मंडळी आली, बेडोकहून नांदेड आपल्या बायको-मुलीला घेऊन आला. पण गर्दी झाली ती ब्लॉकमधल्या लोकांचीच. शेजारच्या मिसेस टॅन, सातव्या मजल्यावरच्या मलाय आजी आणि त्यांची नातवंडं, कॉफीवाली मावशी, सायकली घेऊन आलेली पोरं. भाषेचा प्रश्नच नव्हता.

काकांनी कानात यंत्र घातलं. आणि मग आपली खुर्ची उचलून उलटी फिरवली. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड.

"आजोबा, स्क्रीन इज बिहाइंड यू!" इरा म्हणाली.

"मला ठाऊक आहे तिकडं काय आहे," काका म्हणाले.

फिल्म सुरू झाली. वाऱ्याने पलंगपोस फुगला की बबीचे गालगुंड आणखी सुजायचे. तिघं पोरं गिरणीतून दळण आणायला निघाली होती. लाडू डब्यावर बसला, झाकण आत गेलं, पांढरा ढग उडाला आणि ढगातून बबी पालथी पडली. सगळा व्हॉइड डेक हसला. खांबांमध्ये तो हशा घुमला. मी काकांकडे पाहत होतो. पेटीच्या सुरांवरून त्यांना पडद्यावरचं सगळं कळत होतं. ओठ हलत होते. पोटभर जेवलो, हात धुतले. पडद्यावर बबी उठली, मागे काडीने गिरणीवाल्याची टोपी पळवली. पण लोक अजून हसतच होते.

"वेट, वेट! व्हॉट हॅपन्ड? रिवाइंड लाह!" पोरं ओरडली.

काकांच्या कपाळावर आठी पडली. पुढच्या पडण्यालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. हशा मोठा होता आणि जागा लहान.

आणि मग धावता धावता फडकं सुटलं.

आधी एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग इरा किंचाळली, "आजोबा! यू हॅव अ टेल! ऑन युअर हेड!" आणि जो हशा फुटला, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. मिसेस टॅन डोळे पुसत होत्या. मलाय आजी शेजारणीच्या मांडीवर थापा मारत होत्या.

काका खुर्चीत वळले. पलंगपोसावर तो मुलगा थिजून उभा होता. पळत नव्हता, रडत नव्हता. कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघत होता, आणि नेमकं तिथेच आता काका बसले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अंधारून येणाऱ्या त्या संध्याकाळी मला खरोखर वाटलं, तो मुलगा काहीतरी विचारतो आहे. हशा चढला, टिकला, हळूहळू ओसरला. शेवटचं हसू थांबलं तेव्हा कुठे पडद्यावरच्या मुलाने शेंडीला हात लावला आणि पळाला. एक क्षण कमी नाही, एक क्षण जास्त नाही.

"ठेवलाय," काका म्हणाले. "मास्तरांनी कापला नाही. ठेवलाय रे."

शुभदाताई त्यांच्या खुर्चीशी खाली बसल्या होत्या. त्यांनी वडिलांचा हात धरला.

पलंगपोस काढताना मात्र काका कुरकुरत होते. "ती एकच जागा बरोबर पडली. तिथं मी मनात काहीच म्हणालो नव्हतो. बाकी सगळीकडं एक घास कमी पडला. लहान होतो ना, घाईत म्हणालो असणार. मास्तरांनी सांगितलं तेवढं सावकाश नाही म्हणालो."

"काका, लोक किती हसले!"

"पण टोपीची गंमत चुकली त्यांची." आणि मग मला म्हणाले, "तुझ्या वडलांना विचार. तंबूत त्यांनी टोपी बघितली होती का?"

पुढे माझं लग्न ठरलं, मी इथेच यिशुनला घर घेतलं. त्याच सुमारास काकांनी कोल्हापूरला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. ऐकू येणं पूर्ण थांबलं होतं. निघायच्या दिवशी मी बॅगा खाली न्यायला गेलो. बॅगा घेऊन शुभदाताई आधीच्या लिफ्टने खाली गेल्या होत्या. दुसरी लिफ्ट आली, दार उघडलं. काकांनी आधी लिफ्टच्या उंबऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं का ते बघायला. आणि अडखळले. एक पाय हवेत, कोल्हापूरच्या थंडीसाठी घेतलेली कानटोपी एका हातात, अंग कललेलं. मी हसलो. त्यांना ऐकू येणार नव्हतं, पण दिसत होतं. माझं हसणं पुरं होईपर्यंत ते तसेच थांबले. मग सरळ होऊन आत गेले आणि दार मिटलं.

वडिलांना विचारायचं राहून गेलं होतं. सुट्टीत पाचोऱ्याला गेलो तेव्हा विचारलं. फोनवर काकांना काही सांगता येणार नव्हतं, म्हणून परत आल्यावर हे पत्र पाठवलं.

*

यिशुन, सिंगापूर

तीर्थस्वरूप मधूकाकांना साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. शुभदाताई आणि इरा रविवारी येऊन गेल्या. इरा आता शाळेत अडखळून दाखवते आणि शिक्षकांची बोलणी खाते. दोष तुमच्याकडे जातो.

तुम्ही वडिलांना विचारायला सांगितलं होतं. यावेळी घरी फिल्म दाखवली आणि विचारलं, तंबूत टोपीची गंमत बघितली होती का. वडील म्हणाले, "पहिल्या दिवशी नाही. हसण्यात ती गेली. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, टोपी बघितली का? आम्ही म्हणालो, कुठली टोपी? मग दुसऱ्या दिवशी टोपी बघायला परत गेलो. तेव्हा टोपी सापडली, तर भलतंच काही चुकलं. म्हणून तिसऱ्या दिवशी गेलो." तंबूच्या मालकाचा मुलगाही बसला होता. तो म्हणाला, त्याचे वडील सांगायचे की बबीला माणसं परत येतात, म्हणून ते डबे टाकायचे नाहीत.

काका, मला वाटतं तुम्ही घाई केली नव्हती. मास्तरांनी सांगितलं तेवढंच तुम्ही म्हणालात. एक घास त्यांनीच कमी ठेवला होता. पोटभर जेवलेला माणूस परत कशाला येईल?

आता मीही बैठकीत सगळं सांगून टाकत नाही. थोडं ठेवतो.

आत्यांना नमस्कार. केस कापू नका.

तुमचा,
पाचोरा